डालड्याच्या झाकनाची गोडीशेव

दुकानातनं गोडीशेव आनलीस व्हय? बरं केलंस. पोरांना दे. मला नको. दात नसल्याचं निमित्त न्हाई, चार हायेत अजून. पन ती पिशवीतली शेव म्हंजी गुळाचा रंग लावलेला भुसा. तोंडात टाकली की इरघळली! गोडीशेवेनं कसं दाताशी भांडायला पायजे. ते कसब माझ्या सासूचं. तू या घरात यायच्या कितीतरी आधीच ती गेली, नायतर तुलाबी कळलं असतं सासू कशाला म्हनत्यात. मी काय, मी आपली गरीब गाय.

हसू नको. बस हितं, सांगते.

माझ्या सासूचं नाव बनुबाई. मी आत्याबाई म्हनायची. बाई लई तिखट. पाटीभर शेन उचलायला गेली तरी शेनाला दोन शब्द सुनवायची. मी काय कमी न्हवते, पन नवी सून, डोईवर पदर, तोंडाला कुलूप. आतल्या आत जळायची.

तिच्या एका गोष्टीची मला लई चीड यायची. आपल्या नाथबाबाची जत्रा चैत्रात. शेवगावचा पुंजाराम हलवाई दरसाल पिंपळाखाली कढई मांडायचा. हलवाई कसला, बारीकसा मानूस, पन त्याच्या गोडीशेवेला गर्दी अशी, की मानसं देवाच्या आधी त्याच्याकडं जायची. आन आमच्या आत्याबाई? त्याचं दुकान आलं की पदर नाकाला लावायच्या आन तरातरा म्होरं. "काय त्या माशा, काय ती धूळ! चल गं, बघतीस काय?" म्हनायच्या. मी मनात म्हनायची, बघा, नाकानं कांदे सोलायला बसल्या! आपन खायचं न्हाई, दुसऱ्याला खाऊ द्यायचं न्हाई. आमचे हे मात्र मागनं हळूच पुडा आनून द्यायचे. मी गोठ्यात बसून खायची. ती चव सांगू का? आता बी तोंडाला पानी सुटतं बघ.

आता खरं ते सांगते. माझं लगीन झालं जेठात. पहिल्याच माघात पोटातलं गेलं. मग दुसरं बी गेलं. गावात बाया बोलायला लागल्या. शेजारच्या कडूबाईनं तर आत्याबाईंना म्होरं बसवून सांगितलं, "तुमच्या बन्सीचं दुसरं लगीन बघा आता." मी भिताडामागं उभी. काळीज हातात धरून ऐकत हुते. आत्याबाई म्हनल्या, "कडूबाई, तुझी म्हस दोनदा गाभडली तवा तू म्हस बदललीस, का दावनीला चारा वाढवलास?" कडूबाई उठून गेली. मला मात्र राग आला, सासू मला म्हस म्हनली म्हनून! अक्कल किती बघ माझी.

सन एकाहत्तर. मला तिसऱ्यांदा दिवस गेले. आन उलट्या अशा लागल्या, की पानी पेलं तरी बाहेर. पेज, ताक, डाळिंब, लिंबू, आत्याबाई काय म्हनशील ते आनून म्होरं ठेवायच्या. मी घास घ्यायची आन उकिरड्याकडं पळायची. हाताची कोपरं वर आली. बांगड्या दंडापर्यंत सरकायला लागल्या. आमच्या ह्यांनी बैलगाडीत गवत घालून शेवगावला दवाखान्यात नेलं. तिथली नर्सबाई बोलायला सरळ. म्हनली, "बाई, तुझ्या पोटात अन्न राहिलं न्हाई, तर बाळ कसं राहील? काहीबी खा, पन खाल्लेलं टिकलं पायजे. आन आता गाडीत हादरे खायचे न्हाईत. पडून राहायचं."

तवापास्नं मी बाजेवर. आंगनात लिंबाखाली बाज टाकलेली. आन मनात एकच डोहाळा. गोडीशेव. साधीसुधी न्हाई, जत्रंतली, पुंजारामची. दुसरं कशाचं नाव काढलं तरी मळमळायचं, ह्या एकाच गोष्टीनं न्हाई. जत्रा जवळ आलेली. मी आपली जत्रंची वाट बघत पडलेली. वाटायचं, तेवढी शेव पोटात गेली तर लेकरू जगंल.

मनातले मांडे मनातच राहिले. जत्रंच्या तोंडावर नदीकडच्या गावांत पटकी, म्हंजी तुमचा कॉलरा, लागली. सरकारचा हुकूम आला. दवंडी फिरली, यंदा जत्रंत पालखी तेवढी निघंल, दुकानं लागायची न्हाईत, उघड्यावरचं काय कुनी इकायचं न्हाई. आमचे हे सायकल घेऊन शेवगावला गेले पुंजारामच्या घरी. तर पुंजाराम कढई पालथी घालून लेकीकडं श्रीरामपूरला गेलेला! हे रिकाम्या हातानं आले, सायकल भिताडाला लावली आन माझ्याकडं न बघता बैलाला पानी दावायला गेले. मी उशीत तोंड घालून रडायला लागले. शेवेसाठी न्हाई गं. मला वाटलं, हे बी गेलं.

आत्याबाई दळत हुत्या. जातं थांबलं. बाहेर आल्या. कमरंवर हात ठेवून म्हनल्या, "रडतीस काय? जत्रा बंद केली त्यांनी. माझी चूल न्हाई बंद केली."

दुसऱ्या दिवशी सकाळपास्नं घरात खटाटोप. हरबऱ्याचं पीठ दोनदा वस्त्रगाळ केलं. सनासुदीला ठेवलेलं तूप कढईत वतलं. पिवळाधमक नवा गूळ फोडला. सोऱ्या धुऊन पुसून घेतला. तोंडाला पदर गुंडाळला, नुसते डोळे दिसत हुते. मी म्हनलं, नैवेद्य करत्यात काय! मग ताटलीत घालून माझ्या म्होरं आनली. बारीक, नाजूक, पिवळी शेव.

मी चिमूटभर तोंडात टाकली. आन खरं सांगते, तुपाचा वास नाकात गेला आन मी पळाले.

तोंड धुऊन आले तर आत्याबाई ताटली धरून तशाच उभ्या. "काय चुकलं?"

"ही दिवाळीची शेव झाली," मी म्हनलं. "जत्रंची अशी न्हाई."

"मग कशी असती? सांग की!"

"ती जाडी असती, वाकडीतिकडी. काळपट. ती... तुमी कंदी खाल्ली असती तर कळलं असतं."

बोलून गेले खरं. वाटलं, आता ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुटतोय. पन आत्याबाईंनी ताटली खाली ठेवली. मग लिंबाच्या खोडाकडं बघत म्हनल्या, "पहिल्यांदी दाताला दाद देत न्हाई. मग एकदम मोडती. मग गूळ सुटतो, जरासा करपट, आन गिळताना सुंठ घशाला लागती. अशीच ना?"

"तुमाला काय ठाऊक?"

"तूच तर झोपंत बडबडतीस," म्हनल्या आन घरात गेल्या.

मग त्या बाईनं काय केलं सांगू? सोऱ्या ठेवला फडताळात. डालड्याचा रिकामा डबा हुता, त्याचं झाकन घेतलं आन दगडावर ठेवून खिळ्यानं भोकं पाडली. ठाक ठाक ठाक. भोकं एक बारीक, एक जाड, एक तिरकं. ह्यांनी म्हनलं, "आये, सारखी तरी पाड." तर म्हनल्या, "पुंजारामच्या झाऱ्याची भोकं कुठं सारखी हायेत?" तूप बाजूला. करडीचं घान्याचं तेल काढलं. नवा गूळ बाजूला. कोठीच्या बुडाला बैलासाठी ठेवलेली जुन्या काळ्या गुळाची ढेप हुती, ती वर काढली. आन चूल घरातली न्हाईच. तीन दगड आनून आंगनात, माझ्या बाजेम्होरं चूल मांडली. "जत्रंतली कढई घरात असती व्हय? धूर लागला पायजे, वारं लागलं पायजे," म्हनल्या.

तेल तापलं. करडीचा वास सुटला तशी मी नाकाला पदर लावायला गेले, आन मधीच थांबले. मळमळ आलीच न्हाई. उलट पोटात कायतरी जागं झालं.

झाकनावर पीठ ठेवून तळहातानं रगडायचं. खाली कढईत शेव पडती, जाडी, वाकडी. ती तळून काढली. मग गुळाचा पाक. नीट ऐक, सगळं कसब हितं हाय. पाक कच्चा राहिला तर शेव चिकटती, म्होरं गेला तर दगड. वाटीत गार पानी घ्यायचं, पाकाचा थेंब टाकायचा, त्याची गोळी झाली की उचलून ताटावर टाकायची. टन्न वाजली पायजे. आत्याबाई कान देऊन ऐकायच्या. एकदा ठप्प. एकदा ठप्प. मग टन्न! तशी घाईनं सुंठ घातली, शेव वतली आन उलथन्यानं हलवायला लागल्या. त्या घाईत उकळता पाक बोटावर पडला.

मानूस पोळलं म्हंजी काय करतं? बोट तोंडात घालतं. तान्हं लेकरूबी तेच करतं. आत्याबाईंचं बोट तोंडापर्यंत आलेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलं. तोंडावरच्या पदराला लागलं. तिथनं त्यांनी ते माघारी घेतलं आन चुलीच्या कडंला राखंत खुपसलं. डोळ्यांतनं पानी आलं. दुसऱ्या हातानं शेव हलवतच हुत्या.

"चाख," म्हनल्या.

"तुमी चाखा की आधी."

"मी न्हाई चाखायची. खानारी तू."

आता माझं डोकं फिरलं. पोट रिकामं असलं की मानसाची जीभ सुटती. मी म्हनलं, "तुमाला तोंडाला लावायची घान वाटती, ते मला घालता व्हय?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला! चाख गप."

चाखली. म्हनलं, सुंठ कमी. घातली. चाखली. म्हनलं, अजून जरा कोरडी व्हायला पायजे. हलवली. ती बाई मला इचारायची आन तसं करायची, जनू मीच सासू. जिभंला लावल्याबिगर सैपाक करनं म्हंजी डोळं बांधून सुईत दोरा ववनं. केलंयस कंदी? करून बघ.

तेवढ्यावर थांबली असती तर बनुबाई कसली! "जत्रा म्हनली की रेवडी पायजे," म्हनल्या. दुसरा पाक केला, ताटाला तेल लावून वतला. जरा निवाला तसा उचलून, ह्यांच्या हाताला तेल चोळून त्यांच्या हातात दिला. गोठ्याच्या मेढीला बैलाची घुंगुरमाळ टांगायची खुंटी हुती. ती धुऊन तेल लावलं. "हान खुंटीवर आन वढ!" ह्यांनी गूळ खुंटीला टाकला आन वढायला लागले. वढायचं, घडी घालायची, परत खुंटीला टाकायचं, परत वढायचं. गरम गुळानं हात भाजतोय, हे "आये आये" करत नाचत्यात, आन आत्याबाई मागनं, "बैल वढतोस का गूळ? जोर लाव की!" काळा गूळ वढता वढता फिका पडत गेला. सोन्याच्या दोरावानी दिसायला लागला. कडूबाई आपल्या भिताडावरनं बघत हुती. तिला न्हाई राहवलं. आली आन भाजलेले तीळ घेऊन बसली. ह्यांचं दुसरं करा म्हननारी बाई माझ्यासाठी तिळात रेवड्या दाबीत बसली! तिलाबी आत्याबाईंनी कामाला लावली. त्यांनी दोर कापला, कडूबाईनं चपट्या करून तिळात लोळवल्या.

मी ताटली मागितली तर आत्याबाई म्हनल्या, "ताटलीत कुनी जत्रा खातं का?" मास्तराकडनं आनलेला रद्दीचा कागद, त्याचा पुडा केला, त्यात शेव भरली. मग ह्यांना म्हनल्या, "वरड."

"काय वरडू?"

"पुंजाराम काय वरडतो ते."

आमचे हे म्हंजी गावात चार शब्द बोलायचे न्हाईत. लाजून लाल झाले. बैलाकडं तोंड केलं आन बारीक आवाजात म्हनले, "घ्या गोडीशेव... गरम गोडीशेव..."

"कुनी मेलंय का?" आत्याबाई खेकसल्या. "मोठ्यानं!"

"घ्या गोडीशेऽऽव! रेवडीऽऽ!" अशी आरोळी ठोकली, की बैल दचकला. गल्लीतली पोरं पळत आली. आन मी हसले. किती दिवसांनी हसले ते मलाच ठाऊक न्हवतं. हसता हसता पुड्यात हात घातला.

कुडुम! अशी वाजली. मग गूळ. मग सुंठ. हुबेहूब तीच गं! पुंजारामनं बघितली असती तर कढई इकून टाकली असती. मी खात गेले. सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे. पुडा संपला. आता काय हुतंय म्हनून मीबी बाजेची दोरी घट्ट धरून बसले. दुपार कलली. काय न्हाई. उन्हं उतरली. काय न्हाई. दिवस मावळला तरी अन्न पोटात. आत्याबाई माझ्याकडं आल्या, कपाळाला हात लावला आन भिताडाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हालत हुते. मी म्हनलं, "आत्याबाई?" तर म्हनल्या, "धूर गेलाय डोळ्यात." चूल तर कवाच इझली हुती.

दुसऱ्या दिवशी शेवेबरोबर भाकरीचा तुकडा गेला. मग अर्धी भाकरी. शेव संपली की डालड्याचं झाकन निघायचं. हात भरून आले माझे. पाऊस पडून गेला, पेरन्या झाल्या, आन भादव्यात मी बाळंत झाले. पोरगी. तुझी नणंद, पुष्पावती. आता पोरांच्या पंगतीला दटावत फिरती ना, ती त्या शेवेवर वाढलेली हाय, म्हनून तशी कडक.

कडूबाई बघायला आली. म्हनली, "पोरगीच की." आत्याबाईंनी पोरीला असं छातीशी धरलं आन म्हनल्या, "मी नाथाला लेकरू मागितलं हुतं. ल्योक का लेक ते त्यानं ठरवायचं. त्यानं मला चांगलं ते दिलं." त्यांनी मागितलं हुतं हे मला तवा पहिल्यांदा कळलं. पन काय बोलल्या हुत्या, ते न्हाई कळलं.

पुढच्या चैत्रात जत्रा भरली. पटकी गेली, दुकानं लागली, पिंपळाखाली पुंजारामची कढई तापली. आत्याबाईंनी पोरीला नाथाच्या पायावर घातलं, शेरनी वाटली, उभ्या गावाला चिमूट चिमूट गूळ-खोबरं दिलं. मी पोरीला घेऊन उठती न उठती तोवर ह्या गायब. इकडं बघती, तिकडं बघती. तर काय! बनुबाई गर्दीत कोपरं मारत पुंजारामच्या कढईम्होरं उभ्या. पदर नाकाला न्हाई. पदर खोचलेला.

पुंजाराम वरडला, "अगं बनुबाई! हायेस व्हय? मला वाटलं म्हातारी खपली. आवं, माझ्या बोहनीचं गिऱ्हाईक हे! पहिला घाना हिचा असायचा दरसाल. इतकी वरसं कुठं तोंड लपवलं हुतंस?"

"बोलू नको. पावशेर दे. तळातली, करपट," आत्याबाई म्हनल्या.

पुडा घेतला आन पिंपळामागं जाऊन, देवाकडं तोंड, आमच्याकडं पाठ, दगडावर बसल्या. डोईचा पदर घसरलाय, त्याचं बी भान न्हाई. डोळे मिटलेले. कुडुम, कुडुम. मी गेले, म्होरं बसले. हात म्होरं केला.

"न्हाई द्यायची," त्या डोळे न उघडता म्हनल्या. "माझी हाय. तू खाल्लीस की पोट भरून."

"आत्याबाई, तुमाला तर घान वाटायची ना?"

तवा डोळे उघडले. तोंडात शेव तशीच. "तुझं पहिलं गेलं, त्या दिवशी सोडली. हिच्या पोटचं लेकरू तुझ्या पायावर घालीन, तवाच तोंडाला लावीन, असं बोलले हुते नाथाला. बोललेलं सांगायचं नसतं."

"आवं, पन सोडायची तर भोपळा सोडायचा, दोडका सोडायचा! हीच का?"

"नावडतं सोडलेलं देव कशाला मोजंल?" म्हनल्या आन परत पुड्यात हात घातला.

नाकाला लावलेला पदर, तोंडाला बांधलेला पदर, राखंत खुपसलेलं बोट, सगळं एकदम डोळ्याम्होरं आलं. उन्हाळाभर त्या वासात उभी राहून ह्या बाईनं कढया उतरवल्या आन जिभंचं टोक लावलं न्हाई. माझ्या पोरीसाठी. कुठल्या देवाच्या पाया पडू, असं झालं मला. मी तिथंच तिच्या पायावर डोकं ठेवलं. "उठ, लुगडं मळंल," म्हनल्या.

पुडा संपला. कागदाला लागलेला गूळ बोटानं पुसून घेतला. त्याच बोटानं, पोळल्याचा डाग हुता त्याला. या खेपंला बोट तोंडात घातलं, सावकाश. मग माझ्याकडं बघितलं. आन त्या तिखट बाईचं तोंड असं झालं, जनू पोरीनं काय मागावं आन मागू का नको म्हनावं.

"चांगुणे, खरं सांग," म्हनल्या. "पुंजारामापरास माझी बरी झाली हुती का गं? मला काय म्हाईत न्हाई."

मी हो म्हनून मान हलवली.

मग उठले. पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवली आन म्हनलं, घरी चला. घरी आले, हातपाय धुतले न्हाईत का लुगडं बदललं न्हाई, आधी फडताळावर चढून डालड्याचं ते झाकन खाली काढलं.